शंभरपैकी एकशे अठ्ठावीस

चिरंजीवांना पाचवीपासून दुसऱ्या शाळेत घालायचं ठरलं ते बाईंच्या एका शेऱ्यामुळे. प्रगतिपुस्तकात त्यांनी लिहिलं होतं, 'हुशार आहे, परंतु प्रश्न फार विचारतो.' झालं, नवरा पेटला. मुलाला वर्गात कंटाळा येतो, त्याअर्थी तो गिफ्टेड असणार, असं निदान त्यानं रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मोबाइलवर करून टाकलं. कंटाळा मला ऑफिसात रोज येतो. पण माझ्या बाबतीत असा निष्कर्ष अजून कुणी काढलेला नाही.

पुण्यात चौथीतल्या मुलाची 'टेस्ट' म्हटलं की लोक हुशार मुलांना चाचणी घेऊन निवडणारी ज्ञान प्रबोधिनी शाळाच धरून चालतात. ती वाट चिरंजीवांनी 'माझे कुठलेच मित्र तिथे नाहीत' म्हणून आधीच बंद केली होती. उरली ती औंधातली एक शाळा. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आम्ही मुलांची परीक्षा घेत नाही हं." घेतील कशा? शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यातल्या कलम १३ नुसार प्रवेशाच्या वेळी मुलाला किंवा पालकांना चाळणी लावली तर पहिल्यांदा पंचवीस हजारांपर्यंत दंड, आणि पुढे दर खेपेला पन्नास हजारांपर्यंत. "आम्ही फक्त गप्पा मारतो," मॅडम म्हणाल्या आणि मग आवाज खाली आणून, "पण तुमच्याकडे एखादा आयक्यूचा रिपोर्ट असेल तर लावा फाइलला. बरं असतं."

म्हणजे शाळेनं चाळायचं नाही. आपणच घरून चाळून न्यायचं.

मग फोनाफोनी. एका ठिकाणी पलीकडून विचारलं, "कुठली करायचीय? कामत, मॅलिन की वेक्सलर?" मला तिन्ही नावं वकिलांची वाटली. "जी लवकर होईल ती," मी म्हटलं. तिकडे थोडा वेळ शांतता पसरली. पहिल्या गुणाची वजाबाकी तिथेच झाली असावी, आईच्या खात्यावर.

नवऱ्यानं मात्र अभ्यास केला होता. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली ही असली पहिली चाचणी काढली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत देता यावी म्हणून. तिचं मराठी-कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं कामतांनी. नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी १९६९ साली वेक्सलरच्या चाचणीचा भारतीय अवतार आणला. आणि आता आमच्या सोसायटीत ही सगळी सामग्री वापरतात ती समोरच्या वहिनींच्या मुलीपेक्षा आपला मुलगा किती पुढे आहे हे बघायला. समोरच्या वहिनींच्या मुलीचा बुद्ध्यांक १४२ आहे. हे मला विचारावं लागलेलं नाही. लिफ्टमध्ये कळतं.

शेवटी एका काउन्सेलर मॅडमची तारीख मिळाली. सूचना अशा: रात्री पूर्ण झोप, पोटभर नाश्ता आणि सराव अजिबात नाही, सरावानं आकडा खोटा येतो. या शेवटच्या सूचनेनं नवरा हवालदिल झाला. अपेक्षित प्रश्नसंचांवर चौथीची स्कॉलरशिप मिळवलेला माणूस तो. परीक्षा आहे आणि सराव करायचा नाही, हे त्याच्या धर्मात बसत नव्हतं. आदल्या रात्री न्हाणीघरातून आवाज ऐकू आला, "सात, दोन, नऊ, चार. आता उलटं म्हण." मी दार वाजवलं तर म्हणे दात घासतोय.

चाचणी दोन तास चालली. बाहेर आणखी तीन आईबाप बसले होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, पण कान सगळ्यांचे बंद दाराकडे. एक बाबा मोबाइलवर सुडोकू सोडवत होते. मनाच्या समाधानासाठी असेल.

आत काय घडलं ते येताना रिक्षात कळलं.

"त्यांनी विचारलं, आंबा आणि केळं यांत सारखं काय?"

"मग?" नवऱ्यानं श्वास रोखला.

"दोन्ही आजीला उपासाला चालतात."

"अरे, फळं आहेत म्हणायचं!"

"ते तर त्यांनाही माहीत असेल ना."

पुढचा प्रश्न होता, पाऊस पडलाच नाही तर काय होईल? चिरंजीव म्हणाले, टँकर येईल. आमच्या सोसायटीत पाऊस धो धो पडला तरी टँकर येतो, तेव्हा उत्तर चूक म्हणता येणार नाही. पण उत्तरसूचीत टँकर असेल का, या विचारानं नवरा रात्रभर कुशी बदलत होता.

रिपोर्ट आला. १२८. गिफ्टेडची रेघ साधारण १३० ला मारतात, म्हणजे शंभरातली वरची दोन मुलं. आजी खूश झाल्या. "शंभरपैकी एकशे अठ्ठावीस? आमच्या वेळी असं देत नसत." नवऱ्याचा एकच प्रश्न, "दोन मार्क कुठे गेले?" मॅडमनी शांतपणे सांगितलं की आकड्याला थोडं इकडे-तिकडे असतंच, १२८ आणि १३० मध्ये फरक काढू नये. आणि मागच्या पिढीच्या मुलांवरून बनवलेल्या जुन्या कोष्टकांवर गुण मोजले तर आजची मुलं फुगून दिसतात, कारण पिढीगणिक सरासरी वर सरकत आली आहे. समोरच्या वहिनींकडची कोष्टकं कुठल्या सालची, हे विचारायला मी मुद्दाम लिफ्टनं जाऊ लागले आहे. अजून गाठ पडली नाही.

रिपोर्ट घेऊन शाळेत गेलो. क्लार्कनं फाइल चाळली. जन्मदाखला, आधार, चार फोटो. रिपोर्ट वर लावला होता, तो काढून त्यांनी सगळ्यात खाली टाकला. "बस लागणार का?" हा त्यांचा एकमेव गंभीर प्रश्न.

गप्पा झाल्या, प्रवेश मिळाला. सिंहगड रस्त्याहून औंधची बस सहा वाजून दहा मिनिटांनी सुटते. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश सरकारनं २०२४ मध्ये काढला. चिरंजीव पाचवीत जाणार, तेव्हा सरकारची दया संपली. आता रोज पहाटे सव्वापाचला मी १२८ बुद्ध्यांकाचं पांघरूण ओढते आणि ते आतून विचारतं, "पण शाळा बदलायची कुणाला होती?"