बाळंतपणातली फुकटची सोबत कुचकामी? अजिबात नाही

माझी भाची आठव्या महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या साळवणला माहेरी आली आहे. परवा ताईचा फोन, "बांगडी मोडू का गं? खासगी डौला लावायची म्हणते पोरगी." डौला म्हणजे बाळंतपणात सतत जवळ राहून धीर देणारी, त्याचं शिक्षण घेतलेली बाई. ती लावायचं कारण काय, तर भिशीच्या ग्रुपपासून शाळेच्या ग्रुपपर्यंत फिरणारा तो मेसेज. त्यात लिहिलंय: फुकटची सोबत फुकटच्याच लायकीची, सरकारी दवाखान्यात बाईजवळ कुणाला थांबू देत नाहीत, खासगी डौला घेतली की सिझर टळतंच, आणि कळा सुरू झाल्या तरी घरीच थांबा, डौला आत तपासून सांगेल, अगदी शेवटी दवाखाना गाठा.

या शेवटच्या सल्ल्याने जीव जाऊ शकतो, म्हणून आधी तोच घेते.

डौला धीर देते, पण ती डॉक्टर नाही, नर्स नाही, सुईणही नाही. आतून तपासणं हे तिचं कामच नव्हे. चांगली डौला स्वतःच हे पहिल्या भेटीत सांगते. पहिलटकरणीला तुरळक कळांमध्ये थोडा वेळ घरी थांबायला डॉक्टरही सांगतात, एवढं या मेसेजमध्ये खरं आहे. पण ते डॉक्टरांनी तिची तब्येत बघून सांगायचं असतं. पाणी गेलं, अंगावरून लाल जायला लागलं, बाळ हलेनासं झालं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर एक मिनिटही थांबायचं नसतं. घरी बाळाचे ठोके कोण ऐकणार? बीपी कोण बघणार?

आणि बाळ बाहेर आलं म्हणजे धोका संपला असं नाही. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात. गर्भाशय आवळून धरून रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून. ते डौलाच्या पिशवीत नसतं आणि असूही नये. आता साळवणहून निघालेली गाडी पावसाळ्यात डोळ्यांपुढे आणा. पंचगंगेला पूर आला की गगनबावडा रस्त्यावर पाणी येतं. २०१९ आणि २०२१ साली तर शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. 'शेवटच्या क्षणी निघा' म्हणणाऱ्याने हा जिल्हा पावसात पाहिलेला नाही.

आता 'फुकटची सोबत कुचकामी' हे विधान. कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली बाळंतपणातल्या सततच्या सोबतीवरच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या. २६ अभ्यास, १७ देश, १५ हजारांहून जास्त बायका. जिच्याजवळ कुणीतरी सतत होतं, तिचं सिझर होण्याचं प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी निघालं, कळांचा काळ थोडा घटला, वेदनाशामक औषधंही कमी लागली. सोबत देणाऱ्यांत दवाखान्याच्या नर्स होत्या, डौला होत्या, आणि बाईने स्वतः निवडलेली घरची माणसंही होती. सिझरच्या बाबतीत डौलांचा परिणाम जास्त दिसला, हे मान्य करायलाच हवं. पण अशा चाचणीत कुणाला सोबत मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. बाई फी भरून डौला निवडत नाही, अभ्यास करणारे ती देतात. म्हणजे ज्या डौलांचा गुण दिसला त्या पैसे मोजून लावलेल्या नव्हत्याच. मग 'फुकटचं कुचकामी' कुठून आलं?

'सिझर टळतंच' हेही त्याच आकड्यांत खोटं ठरतं. चौथा हिस्सा कमी म्हणजे शून्य नव्हे. वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, बाळ आडवं असेल, तर कुणाच्याही सोबतीने सिझर टळत नाही. सिझरचीच धास्ती असेल तर दवाखाना कोणता हे आधी विचारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४.३ टक्के. कारणं अनेक असतील, पण फरक केवढा आहे!

'सरकारीत कुणाला थांबू देत नाहीत', यात मात्र अर्धं सत्य आहे. केंद्राने २०१६ सालीच राज्यांना कळवलं की बाळंतिणीसोबत एक नातेवाईक बाई लेबर रूममध्ये थांबू शकते. तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असावं, कपडे स्वच्छ असावेत, संसर्गाचा आजार नसावा, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी आणि सिस्टरांच्या कामात लुडबुड नको. लेबर रूम सुधारण्यासाठीच्या २०१७ च्या 'लक्ष्य' या सरकारी कार्यक्रमातही बाळंतिणीजवळच्या सोबतीचा आग्रह आहे. पण गर्दीच्या रात्री, दोन टेबलांमध्ये पडदासुद्धा नसताना, "बाहेर थांबा" ऐकावं लागतं. मी स्वतः ऐकलंय, अजून राग जात नाही. म्हणून कळा सुरू व्हायची वाट न बघता तपासणीच्या वेळीच सिस्टरांशी बोलून आत कोण येणार ते ठरवा. आशाताईलाही मध्ये घ्या. ती दवाखान्यापर्यंत येते, पण रात्रभर थांबेल हे गृहीत धरू नका.

आणि माणूस विचार करून निवडा. ताईला रक्त बघवत नाही, म्हणून भाचीबरोबर मी जाणार आहे. कळ आली की कमरेखाली माकडहाडाच्या वरच्या भागावर तळहाताच्या टाचेने जोर लावून दाबायचं, कळ ओसरली की सोडायचं. मध्ये पाण्याचे घोट, हात धरून चालवणं, आणि तोंडातून लांब श्वास सोडायची आठवण. हे घरी आधीच करून बघता येतं. सरकारीत बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. जेवणही, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझर असेल तर सात.

जिला घरचं कुणी नाही, किंवा आधीच्या बाळंतपणाची धास्ती मनातून गेलेली नाही, तिने परवडत असेल तर खासगी डौला जरूर घ्यावी. फक्त प्रमाणपत्राच्या फ्रेमवर जाऊ नका, आपल्याकडे डौलाला सरकारी परवाना नसतो. विचारा: आजवर किती बाळंतपणांत शेवटपर्यंत थांबलात? त्याच रात्री दुसरी बाई अडली तर माझ्याकडे कोण येईल? तुम्ही पोचला नाहीत तर पैसे परत का? आणि आगाऊ रक्कम देण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, ते तिला लेबर रूममध्ये येऊ देणार आहेत का.