मुलांशी खरं बोलणारा माणूस

परवा रात्री मुलगा झोपल्यावर ‘वोन्ट यू बी माय नेबर?’ हा माहितीपट पाहिला. मॉर्गन नेव्हिल या दिग्दर्शकाने २०१८ साली केलेला, फ्रेड रॉजर्स यांच्यावरचा. दोन दिवस तोच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबणार आहे.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या स्टुडिओत त्यांचा मुलांसाठीचा कार्यक्रम व्हायचा, ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’. देशभर तो १९६८ पासून दिसू लागला आणि २००१ पर्यंत नवे भाग येत राहिले. एक सडपातळ गृहस्थ गाणं म्हणत दारातून आत येतात, कोट कपाटात अडकवतात, स्वेटर घालतात, चेन वर ओढतात, बाकावर बसून कॅनव्हासचे बूट चढवतात. त्यातले कित्येक स्वेटर त्यांच्या आईने विणलेले. दर भागाची सुरुवात हीच. मग ते बोलायला लागतात, तेही इतकं सावकाश की सुरुवातीला मला वाटलं, नेट अडकलं. एका भागात तर टायमर लावून ते मुलांना मिनिट म्हणजे केवढं असतं ते दाखवतात. माझा मुलगा जेवताना जे बघतो त्यात पापणी लवायच्या आत चित्र बदलतं.

रॉजर्स किती गोड होते, असं सगळे म्हणतात. मला हा शब्द अपुरा वाटतो. लहान मुलांशी गोड तर आपण सगळेच बोलतो. ते खरं बोलायचे.

जून १९६८ मध्ये तिथल्या एका मोठ्या नेत्याची, रॉबर्ट केनेडींची, हत्या झाली. घराघरातल्या टीव्हीवर तेच चालू होतं आणि मुलं बघत होती. रॉजर्सनी त्यावर खास भाग केला. त्यांच्याकडे डॅनियल नावाचा कापडी वाघ होता, जुनाट, जरा विटलेला. हातही त्यांचा आणि आवाजही त्यांचाच. हा डॅनियल आधी फुग्यातली हवा सोडायला लावतो, ती हवा गेली कुठे असं विचारत राहतो, आणि मग हळूच विचारतो, हत्या म्हणजे काय? समोरची बाई क्षणभर थांबते आणि त्याला नीट उत्तर देते. हे मी तिथेच थांबवून पुन्हा पाहिलं.

मी सहा वर्षांची असताना माझे आजोबा गेले. घर माणसांनी भरलेलं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, देवाघरी गेले. परत कधी येणार विचारलं, तर ‘जा बाळा, बाहेर खेळ जा’. कुणाचं मन वाईट नव्हतं. पण मला कळत होतं की काहीतरी फार मोठं झालंय आणि ते माझ्यापासून लपवलं जातंय. त्या लपवण्याची भीती आजोबांच्या जाण्यापेक्षा जास्त होती. शेवटी आत्या मागच्या दाराच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, ते आता येणार नाहीत गं, मलाही खूप रडू येतंय. मग आम्ही दोघी रडलो. बस, एवढंच.

तर रॉजर्सकडे वळते. १९६९ मधला एक भाग आहे. उन्हाळा, प्लास्टिकचा छोटा टब, रॉजर्स पाय पाण्यात सोडून बसलेत. ऑफिसर क्लेमन्स येतात, कार्यक्रमातले पोलीस, फ्रांस्वा क्लेमन्स हे कृष्णवर्णीय गायक. रॉजर्स त्यांना बोलावतात, तुम्हीही पाय टाका. टॉवेल नाही म्हटल्यावर, माझाच घ्या. गोरे आणि काळे असे चार पाय एका पाण्यात. त्याच देशात काही वर्षांपूर्वी, १९६४ मध्ये, काळी माणसं पोहायला उतरली म्हणून एका मॉटेलच्या मालकाने तलावात अ‍ॅसिड ओतलं होतं. त्याचं चित्रणही माहितीपटात आहे. चवदार तळं ज्यांच्या इतिहासात आहे, त्यांना पाण्याचा हा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

पण क्लेमन्स समलिंगी होते, आणि ते उघड झालं तर कार्यक्रमात राहता येणार नाही, असं रॉजर्सनीच त्यांना सांगितलं होतं. ते ऐकताना मला वाईट वाटलं. प्रायोजक जातील ही भीती खरी असेल, तरी त्याची किंमत क्लेमन्सना मोजावी लागली. माहितीपटात हे स्वतः क्लेमन्सच सांगतात. तेच पुढे सांगतात, की ‘तू जसा आहेस तसाच मला आवडतोस’ हे रॉजर्सचं नेहमीचं वाक्य एके दिवशी आपल्यालाच उद्देशून आहे असं त्यांना वाटलं, आणि विचारल्यावर रॉजर्स म्हणाले, मी कितीतरी वर्षं तुझ्याशीच बोलतोय, तू आज ऐकलंस. माझ्या मनात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

रॉजर्स भाषणांत लोकांना एक मिनिट गप्प बसायला सांगत. आपण आज जे आहोत ते ज्यांच्या मायेमुळे, त्यांना आठवा म्हणत. माहितीपटाच्या शेवटी, इतका वेळ बोलणारी सगळी माणसं तेच करतात. कुणीही बोलत नाही, कॅमेरा नुसता चेहऱ्यांवर. बायको, मुलगे, क्लेमन्स. कुणाचे डोळे भरतात, कुणी हसतं.

मीही डोळे मिटले. मागच्या दाराची पायरी आली, आत्याच्या सुती पातळाचा वास आला. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, कानाला कमी ऐकू येतं. सकाळी फोन केला. आजोबा गेले तेव्हा तू माझ्याशेजारी बसली होतीस, आठवतं का विचारलं. तिला काहीच आठवत नव्हतं. म्हणाली, ‘अगं, तू एकटी बसली होतीस ना, मग बसले असेन.’