‘सापडले नाही’ म्हणजे ‘आलेच नाही’ नव्हे

‘सर्च करून पाहिलं, तुमचा मेल आलेलाच नाही.’ हे वाक्य आज सकाळी सांगलीतील एका कार्यालयात माझ्या शाळेतील सरांना ऐकून घ्यावे लागले आणि तेव्हापासून माझे मन शांत झालेले नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही कागद उशिरा दिला नाही, त्याला संगणकाच्या पडद्यावरच्या एका रिकाम्या चौकटीच्या आधारे खोटे ठरवले जाते, आणि त्या चौकटीने नेमके कुठे शोधले हे विचारण्याची गरज तिथे कोणालाही वाटत नाही, याचा मला मनापासून संताप आला आहे.

सरांच्या निवडश्रेणीच्या, म्हणजे दीर्घ सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीच्या, थकीत फरकाचे प्रकरण निवृत्तीपासून रखडलेले आहे. त्यासाठी लागणारे वैयक्तिक मान्यतेचे, म्हणजे शिक्षकाच्या नेमणुकीला शिक्षण विभागाने दिलेल्या मंजुरीचे, पत्र त्यांनी २०१९ च्या उन्हाळ्यात, निवृत्त होण्यापूर्वी, स्कॅन करून शाळेच्या मेलवरून या कार्यालयाला पाठवले होते. त्यानंतर ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली तेव्हा गावभागातील त्यांच्या घरात तळमजल्यावरचे लोखंडी कपाट पूर्ण बुडाले होते, आणि पाणी ओसरल्यावर आतल्या फायलींचा नुसता लगदा हाती आला. शाळेचे मेलखाते आता त्यांच्या हाती नाही. म्हणजे त्या पत्राची हाताशी असलेली एकमेव प्रत या कार्यालयाच्या मेलपेटीत होती आणि कार्यालय म्हणत होते की ती आलेलीच नाही. ज्या जिल्ह्यात २००५ साली, २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली घरोघरचे कागद पाण्यात गेले, तिथे मेलमधली प्रत ही किती मोलाची वस्तू आहे हे आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगावे लागू नये.

मी सरांसोबत गेले होते. लिपिकाने शोधाच्या चौकटीत ‘मान्यतापत्र’ असे टंकले, एन्टर दाबले आणि दोन क्षणांत मान हलवली. सर ‘असू द्या, मी प्रतिज्ञापत्र करून देतो’ असे म्हणत उठायलाही लागले होते, आणि त्यांचे ते निमूटपणे उठणे मला त्या लिपिकाच्या उत्तरापेक्षाही अधिक लागले. मी त्यांना बसवून घेतले आणि पडद्याच्या अगदी तळाशी पाहण्याची विनंती केली. तिथे निळ्या बारीक अक्षरांत, सर्व्हरवर आणखी शोधण्यासाठी येथे क्लिक करा, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ होती. ती ओळ त्या टेबलावर आजवर कोणी वाचली असेल असे वाटले नाही.

हे का घडते, ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी निम्मे लोक शाळा, पतसंस्था, अडत दुकाने आणि कर सल्लागारांच्या कार्यालयांत हेच काम करतात. संगणकाचा अंगभूत शोध आपण शब्द टंकल्यावर एकेक मेल उघडून वाचत नाही. त्याने आधीच एक सूची, म्हणजे इंडेक्स, तयार करून ठेवलेली असते आणि तो फक्त त्या सूचीत पाहतो. ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या शब्दसूचीत एखादे नाव घालायचे राहिले तरी ते पानावर छापलेले असतेच, तसेच हे आहे. विंडोजवरचे जुने, म्हणजे क्लासिक आउटलुक हे मेलचे सॉफ्टवेअर संगणकावर उतरवलेल्या मेलसाठी विंडोजच्याच सूचीवर विसंबून राहते. सूची अर्धवट झाली असेल, बिघडली असेल किंवा ती बनवणारी ‘विंडोज सर्च’ ही सेवा बंद पडली असेल, तर मेलपेटीत डोळ्यांसमोर दिसणारा मेलही शोधात येत नाही.

त्याहून फसवी गोष्ट दुसरीच आहे. एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल-सर्व्हरवरच्या कार्यालयीन खात्यांत किती काळाचे मेल संगणकावर उतरवून ठेवायचे, याची एक मर्यादा आउटलुक २०१३ पासून दिलेली आहे आणि अनेक संगणकांवर ती आपोआप एका वर्षावर ठेवलेली असते. त्याआधीचे मेल सर्व्हरवर सुखरूप असतात, पण संगणकावर नसतात, म्हणून त्याच्या सूचीतही नसतात. संगणकावरची जागा वाचते आणि यंत्र हलके चालते, हे मान्य. परंतु एका वर्षाच्या आत पाहून आलेल्याने सहा-सात वर्षांपूर्वीच्या कागदाबद्दल ‘नाही’ अशी छातीठोक साक्ष द्यावी आणि खरी गोष्ट तळाच्या बारीक ओळीत लिहावी, ही मांडणीच अन्यायाची आहे.

सरांच्या बाबतीत ती ओळ दाबूनही पहिल्या खेपेस काही आले नाही, कारण सरांनी विषयात ‘मान्यतेचे पत्र’ असे लिहिले होते आणि शोधणारे ‘मान्यतापत्र’ शोधत होते. हा शोध साधारणपणे शब्दाच्या सुरुवातीपासून अक्षरे जुळवतो. आपल्या भाषेतील सामान्यरूपाची त्याला कल्पना नसते. ‘पावती’ शोधली तर ‘पावत्या’ येतीलच असे नाही, ‘सातारा’ शोधला तर ‘साताऱ्यातील’ निसटू शकते. त्यातच ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवले जाते, डोळ्यांना ते सारखेच दिसते आणि यंत्राला मात्र निराळे वाटू शकते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली जोडपत्रे तर देवनागरी शब्दाने सापडणारच नाहीत, कारण त्या फायलीत आत देवनागरी अक्षरे नसतातच. स्कॅन केलेल्या कागदाचेही तेच, ते निव्वळ चित्र असते. अक्षरओळख केलेली नसेल तर त्यातला मजकूर शोधापुरता अस्तित्वातच नसतो. म्हणून मी लिपिकाला शब्द सोडून शाळेचा मेलपत्ता टाकायला सांगितले. मेल आला, जोडपत्रासह, तारखेसह. सरांनी चष्मा काढून तो पुसला आणि पुन्हा लावून ती तारीख वाचली.

आता थोडे त्या लिपिकाच्या बाजूनेही लिहायला हवे. एका माणसाकडे अनेक शाळांची प्रकरणे आहेत, संगणक जुना आहे आणि त्याला हे कोणीही शिकवलेले नाही. मेल सापडल्यावर त्याने स्वतःहून त्याची छापील प्रत काढून प्रकरणाला जोडली, हेही खरे. माझा राग त्याच्यावर नाही, निदान आता लिहिताना तरी तो उरलेला नाही. माझा राग आहे तो, यंत्राने ‘नाही’ म्हटले की समोरच्या माणसाचे म्हणणे आपोआप खोटे मानण्याच्या सवयीवर, आणि ही सवय हल्ली फक्त त्या एका टेबलावर उरलेली नाही.

एखादा मेल सापडत नसेल तर सर्वांत आधी तेच खाते ब्राउझरमध्ये उघडून तिथे शोधावे, कारण तिथला शोध आपल्या संगणकाच्या सूचीवर अवलंबून नसतो. तिथे मेल मिळाला तर दोष आपल्या संगणकाच्या सूचीत किंवा उतरवण्याच्या मर्यादेत आहे, एवढे निश्चित होते. मग शोधाची व्याप्ती पाहावी. ती कित्येकदा फक्त चालू फोल्डरपुरती असते आणि मेल दुसऱ्याच फोल्डरमध्ये, जंकमध्ये किंवा डिलीट केलेल्यांत पडलेला असतो. आउटलुकच्या शोधाच्या पर्यायांत निकालांची संख्या मर्यादित ठेवण्याची एक खूण असते, ती चालू असल्यास २५० निकालांपुढचे दिसत नाहीत. वारंवार येणारा शब्द शोधताना जुना मेल याच कारणाने मागे राहतो. शोधाच्या साधनांत ‘इंडेक्सिंग स्टेटस’ नावाचा पर्याय आहे, तिथे शिल्लक मेलची संख्या शून्य दिसली पाहिजे. ती बराच वेळ कमीच होत नसेल तर कंट्रोल पॅनेलमधील ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडून आउटलुकपुढे खूण आहे का ते पाहावे. जुन्या वर्षांच्या पीएसटी फायली, म्हणजे आउटलुकने मेल साठवलेल्या फायली, आउटलुकमधून बंद करून ठेवल्या असतील, तर त्या पुन्हा उघडल्याशिवाय त्यांतले काहीही शोधात मिळणार नाही.

एवढे करूनही जमले नाही, तरच ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘रीबिल्ड’ करावे. मी हे शेवटी सांगते आहे ते मुद्दाम, कारण दुरुस्तीला आलेली मुले सर्वप्रथम तेच बटण दाबून निघून जातात. त्याने जुनी सूची पुसली जाते आणि नवी तयार व्हायला, मेलपेटी मोठी असेल तर, कित्येक तास लागतात. त्या काळात शोध आधीपेक्षाही कमी दाखवतो. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर हे काम आणखी मंदावते. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी स्पॉटलाइट या मॅकच्या शोधसोयीच्या गोपनीयतेच्या यादीत आपली डिस्क एकदा घालावी आणि मग काढावी, म्हणजे सूची नव्याने बनते. मॅकच्या ‘मेल’ ॲपमध्ये प्रत्येक पेटीसाठी ‘रीबिल्ड’ वेगळे आहे.

कोणत्याही कार्यालयाने मेल मिळाला नाही असे उत्तर दिले, तर ते लेखी मागावे आणि त्यात कोणत्या खात्यात, कोणत्या फोल्डरांत, कोणत्या कालावधीत आणि सर्व्हरवर शोधले की फक्त संगणकावर, हे नमूद करण्याचा आग्रह धरावा. आपण पाठवलेल्या मेलची तारीख, वेळ आणि पाठवणारा पत्ता कागदावर लिहून नेला तर शोधणाऱ्यालाही सोपे जाते. सांगली-मिरज परिसरातील कोणा निवृत्त शिक्षकाचे किंवा महापुरात कागद गमावलेल्या कुटुंबाचे काम याच कारणाने अडले असेल, तर मला जरूर कळवा. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते आणि त्यांच्यासोबत त्या टेबलापर्यंत येईन.