स्टेपनीच्या जागी बाटली

चवथ म्हणजे गणेशचतुर्थी जवळ आली की गोव्यात आमच्या साखळी-डिचोली भागात घराघरांत नवीन गाडीचा विषय निघतो, यंदा आमच्याकडे पण निघालाय आणि सध्या शोरूमच्या वाऱ्या चालू आहेत. ज्यांचं बुकिंग अजून व्हायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सनरूफ बघा, स्क्रीन बघा, सीटमधून गार वारा येतो तो बघा, सगळं हौसेने बघून घ्या आणि मग डिकी उघडून खालचं कारपेट उचला. तिथे चाक आहे का बघा. असणारच असं धरून चालू नका. बऱ्याच नवीन गाड्यांत तिथे आता थर्माकोलचा एक ट्रे असतो, त्यात छोटा कंप्रेसर आणि एक बाटली. झालं, तीच तुमची स्टेपनी.

आणि यात बेकायदेशीर काही नाही बरं का. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतची, ड्रायव्हर धरून नऊपेक्षा जास्त सीट नसलेली प्रवासी गाडी असेल, टायर ट्यूबलेस असतील, टायरमधली हवा सांगणारी सिस्टीम म्हणजे टीपीएमएस असेल आणि पंक्चर काढायचं किट दिलेलं असेल तर स्टेपनी द्यायची सक्ती नाही. कारण काय तर जागा वाचते आणि इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला जागा मिळते. कागदावर वाचलं की पटतं पण. माझं भांडण नियमाशी कमी आहे आणि तो ज्या पद्धतीने आपल्या गळ्यात मारला जातोय त्याच्याशी जास्त.

कारण शोरूममध्ये ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. सहा एअरबॅग सांगतात, अँबियंट लाइटचे किती रंग ते सांगतात, वायरलेस चार्जरवर फोन ठेवून दाखवतात. स्टेपनी कुठाय विचारलं की मग, "सर, हांव सांगता, गरज पडना." वर ब्रोशरमध्ये तीच गोष्ट फीचर म्हणून छापलेली, टायर रिपेअर किट. म्हणजे एक चाक, एक रिम काढून घेतली आणि बदल्यात बाटली दिली, ते वजा न दाखवता अधिक म्हणून दाखवायचं, कमाल आहे की नाही.

आता बाटली काय करते ते नीट समजून घ्या, कारण विकणाऱ्यालाही बरेचदा ते माहीत नसतं. बाटलीत चिकट पांढरं द्रावण असतं, सीलंट म्हणतात त्याला. कंप्रेसर गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटला लावायचा, द्रावण व्हॉल्व्हमधून टायरात ढकलायचं, हवा भरायची, आणि लगेच थोडं अंतर गाडी चालवायची म्हणजे ते आतून सगळीकडे पसरतं आणि भोक बुजतं. मग परत हवा चेक करायची. नंतर सुद्धा साधारण ताशी ८० च्या आत हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंतच जायचं, तसंच बिनधास्त मुंबई गाठायची नाही. अमेरिकेत ट्रिपल-ए म्हणून मोटारवाल्यांची मोठी संस्था आहे, त्यांनी २०१५ मध्ये हा विषय हातात घेतला तेव्हा त्या सालच्या नव्या मॉडेलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त स्टेपनीशिवाय येत होती. त्यांनी किट तपासून सांगितलं ते महत्त्वाचं आहे, भोक टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात हवं आणि खिळा आतच राहिलेला हवा, तरच ते नीट चालतं. आपण काय करतो? खिळा दिसला की पहिला उपटतो!

आणि बाटलीला एक्सपायरी असते. काही वर्षांत ती बाद होते, गाडी तोवर निम्मी पण जुनी झालेली नसते. एकदा वापरली की नवीन आणायची. वर पंक्चरवाला तो आतला चिकटा बघून तोंड वाकडं करतो ते वेगळंच, कारण साफ त्यालाच करायचं असतं.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. खिळ्याच्या पंक्चरला ट्यूबलेसमध्ये तसंही फारसं कोणी अडकून पडत नाही, हवा सावकाश जाते, टीपीएमएस आधी सांगतो, कंप्रेसरने हवा मारून माणूस जवळच्या दुकानापर्यंत आरामात जातो, शे-दीडशे रुपयांत स्ट्रिप मारून मोकळा. म्हणजे किट ज्या दुखण्यावर औषध आहे ते दुखणंच मुळात किरकोळ. आमच्याकडे टायर जातो तो बाजूने जातो. साइडवॉल कापली जाते.

वाळपई, होंडा, केरी, पर्ये, इकडच्या आतल्या रस्त्यांवर ज्यांनी गाडी चालवलीय त्यांना सांगायला नको. रस्ता दीड गाडीचा, समोरून बस येते, बस काही खाली उतरत नाही, आपणच डावी चाकं खाली घालायची. पावसाने बाजूची माती वाहून गेलेली असते आणि डांबराची कड चार बोटं वर राहिलेली, कोयत्यासारखी. बस गेली की आपण स्टिअरिंग उजवीकडे ओढतो आणि चाक त्या कडेवर तिरकं चढतं. खचाक. जिथे कड नसते तिथे गटार असतं, चिऱ्यांनी बांधलेलं, आणि पावसात ते रस्त्याच्या लेव्हलला भरून वाहत असतं त्यामुळे रस्ता कुठे संपतो आणि गटार कुठे सुरू होतं ते कळत नाही. शिवाय केबल टाकायला खणलेले चर, घाईत बुजवलेले, पहिल्या पावसात परत उघडे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हो, हे काय जर्मनीतले रस्ते आहेत का. जर्मन गाड्यांचं निघालं म्हणून सांगतो, त्यातल्या महागड्या गाड्यांनी स्टेपनी काढली तेव्हा बऱ्याच मॉडेलांना रनफ्लॅट टायर दिले, त्यांची बाजूची भिंतच इतकी कडक असते की हवा गेली तरी ताशी ८० ने साधारण ८० किलोमीटर जाता येतं. ते मी समजू शकतो. आपल्याला ना रनफ्लॅट, ना स्टेपनी.

माझ्या मेव्हण्याचं गेल्या पावसाळ्यात हेच झालं. बेळगावहून चोर्ला घाटातून येत होता, बरोबर बायको, मुलगी आणि सासूबाई. अंधार पडलेला, धुकं, खड्डा पाण्याखाली, आणि डाव्या बाजूचा पुढचा टायर बाजूने फाटला, बोट जाईल एवढा. गाडी नवीनच, डिकीत बाटली. त्याने बिचाऱ्याने मोबाइलच्या उजेडात मॅन्युअल वाचत सगळं बरोबर केलं, आणि बाटलीतलं ते पांढरं सगळं कापल्या जागेतून बाहेर, पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यावर. घाटात नेटवर्कची बोंब. चालत वळणं चढून वर गेल्यावर फोन लागला तर रोडसाइड असिस्टन्सवाला विचारतो की सर तुम्ही कर्नाटकात आहात की गोव्यात, कारण त्यावर ठरणार टोइंग बेळगावहून येणार की इकडून. शेवटी एका ट्रकवाल्याने बायकांना केरीपर्यंत आणून सोडलं आणि मी तिथे न्यायला गेलो. गाडी दुसऱ्या दिवशी उतरवली. आणि टायर? त्या साइजचा त्या कंपनीचा टायर फोंड्यात नाही, म्हापशात नाही, पणजीत ऑर्डर टाका म्हणाले. आठवडाभर नवीकोरी गाडी वर्कशॉपच्या अंगणात. स्टेपनी असती तर अर्ध्या तासात चाक बदलून, चिखल झाडून सगळे घरी जेवायला.

मोठ्या शहरात राहणारे म्हणतील, असिस्टन्स आहे ना, कॅब करून जायचं. कॅब? गोव्यात ओला-उबर चालत नाही हे टुरिस्टना एअरपोर्टवर उतरल्यावर कळतं, आम्हाला जन्मापासून माहीत आहे. आमच्या सत्तरी तालुक्यात रात्री आठनंतर बस शोधून दाखवा. असिस्टन्सची ती जाहिरात ज्याने लिहिली त्याला एकदा पावसात अनमोड घाटात उभा करायला पाहिजे.

दुसरी गोष्ट अलॉयची, म्हणजे त्या मोठ्या चकचकीत रिमची. हे गणित सोपं आहे, टायरवर लिहिलेलं असतं पण आपण वाचत नाही. २१५/६५ आर १६ म्हणजे टायर २१५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत त्याच्या ६५ टक्के म्हणजे १४० मिलिमीटर, रिम सोळा इंची. तेच २१५/५५ आर १८ घेतलं तर भिंत ११८ मिलिमीटर. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच, पण रबर दोन सेंटिमीटरहून जास्त कमी आणि तिथे लोखंड-ॲल्युमिनियम आलं. खड्ड्यात आपटलं की रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चिमटा बसतो त्याला सोसायला तेवढं रबर नाही, मग एक तर कट जातो नाहीतर फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला पॅच नसतो, टायरच बदलावा लागतो. आणि गंमत बघा, मोठे अलॉय टॉप मॉडेलला. म्हणजे जो जास्त पैसे देतो त्याचा टायर फाटायची शक्यता जास्त, आणि बाटली असेल तर ती त्यालाही तीच.

आता दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर बायको खाली कमेंटमध्ये येऊन लिहील. ती रोज एकटी पणजीला गाडी घेऊन जाते आणि तिचं म्हणणं साफ आहे, मला ते चाक उचलायला होत नाही, हायवेवर ट्रक अंगावरून जात असताना जॅक लावत बसणार नाही, मला कंप्रेसर उपयोगाचा. पटतं. रिमसकट चाक पंधरा-वीस किलोचं असतं, फॅक्टरीत मशीनने आवळलेले नट पान्यावर उभं राहिल्याशिवाय सुटत नाहीत, आणि किती लोकांनी गेल्या काही वर्षांत स्वतः चाक बदललंय ते प्रामाणिकपणे आठवून बघा. अनेकांच्या स्टेपनीत हवाच नसते, दर महिन्याला चार टायरांची चेक करतात, पाचव्याला कोण विचारतो. पण यावर उत्तर चाक काढून टाकणं कसं काय? चाक तिला उचलवत नसेल, वाटेतल्या कोणालाही थांबवलं तर तो पाच मिनिटांत उचलेल, आपल्याकडे लोक थांबतात अजून. डिकीत चाकच नसेल तर थांबणारा काय करणार, सहानुभूती दाखवून जाणार.

इलेक्ट्रिकवाल्यांचं मला मान्य आहे, खाली सगळी बॅटरी, जागा कुठून आणणार. डिकीच्या तळाशी दोन सिलिंडर घातलेल्या सीएनजी गाड्या निघाल्यात, त्यात स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलीय, म्हणजे इच्छा असली की मार्ग निघतो. पण साधी पेट्रोल गाडी, डिकीत खळगा तयार, चाक बसेल एवढा गोल, आणि त्यात थर्माकोल? तिथे जागेचं कारण सांगू नका, सरळ सांगा पैसे वाचवले. वाचवा की. पण मग किमतीतून कमी करा, किंवा प्राइस लिस्टमध्ये एक ओळ टाका, स्टेपनी हवी असल्यास एवढे जादा, मी देतो. साधं लोखंडी रिमचं बारीक चाक द्या, ताशी ८० च्या वर जाऊ नका असा स्टिकर लावून द्या, चालेल मला. इथे पर्यायच नाही आणि पर्याय नाही हे सांगायची पण तयारी नाही.

बाबांनी उमेदीची वर्षं खाणीवर ट्रक चालवला, डिचोलीतून जेटीवर माल न्यायचे. त्यांना मी हा बाटलीचा प्रकार सांगितला तर आधी वाटलं मी थट्टा करतोय. मी त्यांना म्हटलं, जगातल्या पहिल्या मोटारी पण स्टेपनीशिवायच यायच्या, १९०४ मध्ये वेल्समधल्या लॅनेली गावात डेव्हिस नावाच्या भावांनी जादा चाक विकायला काढलं आणि धंदा जोरात चालला. बाबा म्हणाले, मग सव्वाशे वर्षांनी परत तिथेच जायला एवढे लाख कशाला मोजायचे. मला काही बोलता आलं नाही. (टुरिस्ट भाड्याने फिरवतात त्या थारच्या पाठीवर मात्र आख्खं चाक लटकतंय, आणि ती गाडी चोर्ला सोडा, बागा-कळंगुटच्या पुढे जात नाही.)

तर ज्यांच्या घरी बाटलीवाली गाडी आलेलीच आहे त्यांनी निदान एवढं करा. बाटलीवरची तारीख आजच बघा. त्याच साइजची रिम आणि टायर, नवा नसला तरी चालेल, बघून ठेवा, घाट ओलांडायचा असेल तर डिकीत आडवं टाकून पट्ट्याने बांधा, सामान थोडं कमी न्या. जॅक आणि पाना गाडीबरोबर आलाय का तेही तपासा, बरेचदा स्टेपनी नाही म्हटल्यावर ते पण देत नाहीत आणि हे वेळेवर कळतं. इन्शुरन्समध्ये टायरचं वेगळं कव्हर मिळतं, पण नवीन टायरचे पैसे मिळाले म्हणजे रात्री घाटात टायर मिळाला असं होत नाही.

आमचं बुकिंग अजून झालेलं नाही. एका मॉडेलचं मधलं व्हेरियंट आहे, सोळा इंची चाकं, डिकीत पूर्ण स्टेपनी, सनरूफ नाही. वरच्या व्हेरियंटला सनरूफ, अठरा इंची अलॉय आणि बाटली. घरात मतदान घेतलं, मुलं सनरूफच्या बाजूने, बाबा स्टेपनीच्या, बायको म्हणते मधलं घ्या आणि कंप्रेसर वेगळा घेऊन द्या. शोरूमवाला आता रोज फोन करून सांगतोय की मधल्या व्हेरियंटला वेटिंग जास्त आहे, चवथीला मिळणार नाही, वरचं मात्र उद्या मिळेल. नाही मिळालं तर दसऱ्याला घेऊ.