आज्ञेत राहण्याचे दिवस

लेकीनं हट्टानं घोडेस्वारीच्या शिकवणीला नाव घातलं, तीन महिन्यांचे पैसे भरायला लावले आणि दुसऱ्या तासानंतर तिला व्हायोलिनची ओढ लागली. पैसे परत मिळत नव्हते, नाव तेवढं बदलून मिळत होतं. अशा रीतीनं वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, स्लिप डिस्कचा एक्स-रे कपाटात असताना, मी घोडेस्वार व्हायला निघालो.

माझ्या वाट्याला आलेल्या घोडीचं नाव आज्ञा. ती स्वतः कुणाची पाळत नव्हती. तिची मात्र सगळ्यांनी पाळायची, अशी तबेल्याची रीत दिसत होती. "तुमच्यासाठी हीच बरी," शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. बरी म्हणजे नक्की कुणाच्या दृष्टीनं, हे विचारायचं राहून गेलं.

ओळख करून घ्यावी म्हणून मी सरळ समोरून गेलो आणि कपाळावरून हात फिरवायला पुढे केला. तिनं मान अशी उडवली की माझी हनुवटी दोन दिवस बोलताना कुरकुरत होती. मॅडम म्हणाल्या, "घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त अगदी कपाळासमोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही." म्हणजे मी गेलो होतो ते नेमका न दिसण्याच्या जागेतून. या माहितीचा मी निम्माच भाग लक्षात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मागून गेलो. त्याबद्दल फार लिहीत नाही. मोतद्दार काकांनी माझी कॉलर वेळेवर ओढली, एवढंच सांगतो.

मग खोगीर. पोटाखालून जो पट्टा आवळतात त्याला तंग म्हणतात. मी तंग आवळायला घेतला तशी आज्ञानं छाती फुगवली. एखादा माणूस फोटोसाठी पोट आत घेतो, त्याच्या बरोबर उलट. मी जोर लावून शेवटच्या भोकापर्यंत आवळला आणि स्वतःवर खूश झालो. घोड्यावर डाव्या बाजूनं चढतात. पूर्वी स्वारांच्या कमरेला डावीकडे तलवार लटकायची, ती आड येऊ नये म्हणून. माझ्या कमरेला मोबाइल होता आणि तोही उजवीकडे, पण परंपरा ती परंपरा. डावा पाय रिकिबीत घातला, अंग वर उचललं आणि त्याच क्षणी आज्ञानं इतका वेळ धरलेला श्वास सोडला. तंग सैल. खोगीर सावकाश, कुठलीही घाई न करता, तिच्या पोटाकडे निघालं आणि त्याच्याबरोबर मीही. खोगीरभरती हा शब्द आजवर मी फक्त ऑफिसातल्या लोकांसाठी वापरत आलो होतो.

"तंग एकदम आवळायचा नसतो," मॅडम वरून म्हणाल्या. मी खाली होतो. "थोडा आवळायचा, चार पावलं चालवायचं, मग परत आवळायचा."

विश्वास संपादन करायला पाहिजे, हे एव्हाना मला पटलं होतं. त्यासाठी मी गाजरं नेऊ लागलो. गाजर दाखवून लोक निवडून येतात, मला तर नुसतं बसायचं होतं. आज्ञानं गाजर खाल्लं, दुसरा खिसा हुंगला, तिथलंही खाल्लं, तिसऱ्या खिशात रुमाल निघाल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे माझ्या बुटावर पाय ठेवला. घोड्याचं वजन सहज साडेचारशे-पाचशे किलो भरतं. ते चार पायांत विभागलेलं असतं, असं स्वतःला समजावण्याचा मी प्रयत्न केला, पण अंगठा ऐकेना.

एकदाचा वर बसलो, तर ती हलेना. "चल" म्हणालो, "चला" म्हणालो, टाचा मारल्या. 'घोडा का अडला?' या जुन्या कोड्याचं 'न फिरवल्यामुळं' हे उत्तर ज्यानं दिलं, तो नक्की जमिनीवर उभा असणार. मी फिरवायला वर बसलो होतो आणि तरीही अडला होता. शेजारच्या रिंगणात दहा वर्षांची पोरं दुडक्या चालीनं जात होती आणि मी पुतळ्यासारखा, हात पुढे करून. माझ्या टाचा हिला जाणवतच नाहीत, घोडी बधिर आहे, असं मी मॅडमना सांगणारच होतो. तेवढ्यात तिच्या खांद्यावर एक माशी बसली. नेमकी तेवढीच रुपयाएवढी कातडी थरथरली आणि माशी उडाली. बधिरपणाचा मुद्दा मी मागे घेतला.

घरी येऊन वाचत बसलो, तेव्हा हान्स नावाचा एक जर्मन घोडा भेटला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बर्लिनमध्ये गणितं सोडवायचा. उत्तर जितकं, तितक्या वेळा पुढचा खूर आपटायचा. मोठमोठे लोक थक्क झाले. शेवटी ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं छडा लावला, की घोड्याला गणित ओ की ठो येत नव्हतं. प्रश्न विचारणारा माणूस बरोबर आकड्याशी आल्यावर नकळत डोकं किंचित हलवायचा आणि हान्स तेवढं बघून थांबायचा. त्या माणसालाही स्वतःचं डोकं हलल्याचा पत्ता नसायचा.

पुस्तक मिटून मी अंधारात छताकडे बघत राहिलो. जो प्राणी समोरच्याच्या मानेची सूतभर हालचाल वाचतो, त्याच्या पाठीवर मी बसलो होतो. कसा? टाचांनी 'पळ' सांगत, हातांनी लगाम ओढून 'थांब' सांगत, गुडघ्यांनी 'आई गं' म्हणत आणि श्वास धरून. श्वास, बरं का. तिनं तंगाच्या वेळी एकदा धरला तर मी तिला लबाड ठरवलं. मी पाऊण तास धरत होतो. एकाच वेळी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दाबून वर हॉर्न वाजवणाऱ्या माणसाची गाडी का जात नाही, हे कोडं काही बिरबलाकडे नेण्याइतकं अवघड नव्हतं.

कळणं वेगळं आणि मांडीच्या स्नायूंना पटवणं वेगळं. मॅडम रोज तीनच शब्दांचं व्याख्यान देत, "टाचा खाली. श्वास." मी टाचा खाली केल्या की श्वास अडकायचा, श्वास सोडला की टाचा वर.

उपयोगी सल्ला काकांनी दिला. मी आज्ञाच्या मानेवर आपला थापट्या मारत होतो, लग्नात ओळख नसलेल्या नातेवाइकाच्या पाठीवर मारतात तशा. काका म्हणाले, "थोपटू नका साहेब, खाजवा." आयाळ संपते तिथं पाठीच्या सुरुवातीला एक उंचवटा असतो, घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात. मी बोटं रोवून खाजवायला लागलो. आधी काही नाही. मग तिचा वरचा ओठ लांब झाला, आणखी लांब झाला, एका बाजूला वळून थरथरायला लागला. डोळे अर्धे मिटले. एक मागचा पाय सैल पडून खुराच्या टोकावर टेकला. मी डाव्या हातावरून उजव्या हातावर आलो. शेवटी तिनं मान वळवली आणि परतफेड म्हणून माझा खांदा दातांनी खाजवून दिला. शर्टाची शिवण उसवली. हा मान समजायचा, असं काकांनी सांगितलं. घरी तसं सांगून पाहिलं, पटलं नाही.

दहाव्या तासाला वारा सुटला होता. आम्ही कडेकडेनं चालत होतो आणि कुंपणावरून एक प्लॅस्टिकची पिशवी फडफडत आत आली. पिशवी म्हणजे घोड्याच्या हिशेबी थेट वाघ. आज्ञा जागच्या जागी आडवी उडाली. मी ओरडलो, सगळा श्वास एकदम बाहेर पडला, दोन्ही हातांतले लगाम सुटले आणि मी आयाळ धरली. आता ती पळणार आणि मी मागे राहणार, असा साधा हिशेब होता.

ती दोन पावलं गेली आणि थांबली. नाकातून फुर्रकन हवा सोडली. मग मान खाली.

"वा!" मॅडम पलीकडून ओरडल्या. "ओढलं नाहीत! हात मोकळे सोडलेत! हेच तर मी सांगत होते!"

मी मान डोलावली. बोट आयाळीतून सोडवायला जरा वेळ लागला. लगाम परत हातात घेताना आज्ञाचा एक कान मागे, माझ्याकडे, वळलेला दिसला. काय झालं होतं ते तिला नेमकं ठाऊक होतं. मी मॅडमना खरं काही सांगितलं नाही. तिनंही नाही.