त्या किल्टवाल्या फॉरवर्डबद्दल

‘सतराव्या शतकात प्रत्येक स्कॉटिश सैनिक आपल्या कुळाच्या टार्टनचा किल्ट घालून लढायचा, तोच त्याचा गणवेश, लाल कोट इंग्रजांचा’ असा मजकूर चित्रासकट फिरतोय. (किल्ट म्हणजे कमरेखालचा चुणीदार, घागऱ्यासारखा पोशाख; टार्टन म्हणजे रंगीत चौकड्यांचं लोकरी कापड.) चित्र झकास आहे. मजकुराचं तसं म्हणवत नाही.

आधी ‘प्रत्येक’. जानेवारी १६४४ मध्ये ट्वीड नदी ओलांडून इंग्लंडात उतरलेल्या सुमारे २० हजारांच्या कव्हेनंटर (आपल्या चर्चच्या रक्षणाची शपथ घेतलेल्या स्कॉटिश लोकांच्या) फौजेत बहुतेक जण सखल भागातले. अंगात हॉडन ग्रेचा कोट आणि गुडघ्यापर्यंतची विजार, डोक्यावर निळी, चपटी लोकरी टोपी. हॉडन म्हणजे काळी-पांढरी लोकर मिसळून, न रंगवता विणलेलं जाडंभरडं कापड. ज्याने घोंगडी पांघरली आहे त्याला तो रंग आणि ती खरखर समजावून सांगायला नको.

बरं, करड्या कोटांनी तरी ओळख पटायची का? २ जुलै १६४४ ला मार्स्टन मूरच्या लढाईत, इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटवाल्यांनी आणि त्यांच्या स्कॉटिश दोस्तांनी खूण म्हणून टोप्यांत पांढरा कागद नाहीतर रुमाल खोवला होता. पार्लमेंटचा सेनानी थॉमस फेअरफॅक्स याने ती खूण काढून टाकली आणि तो शत्रूच्या गर्दीतून सुखरूप पार झाला. इतकं सोपं होतं ते.

आता किल्ट. हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक प्लेड वापरत, हे खरं. पण ते शिवलेलं नसे. मागाचा पन्हा लहान, म्हणून दोन पट्टे लांबीत जोडून केलेलं लांबलचक लोकरी वस्त्र. कमरेशी चुण्या घालून पट्ट्याने आवळायचं, उरलेलं खांद्यावर टाकायचं, रात्री सोडून तेच पांघरायचं. आपल्या भाषेत ते घालायचं नव्हे, नेसायचं. नुसता कमरेखालचा छोटा किल्ट रुळला अठराव्या शतकात.

कुळाचं टार्टन? स्कॉटिश बेटांवरचा लेखक मार्टिन मार्टिन याच्या १७०३ सालच्या वर्णनात नमुने बेटागणिक बदलतात, कुळागणिक नाही. कुळांची वाटणी पक्की झाली ती १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला त्या सुमारास. बॅनकबर्नच्या विल्सन विणकरांची त्यात चांदी झाली.

राहिला लाल कोट. स्कॉटलंडमधल्या किलीक्रँकीच्या लढाईत, २७ जुलै १६८९ रोजी, लाल कोटातल्या सरकारी फौजेचा सेनापती ह्यू मॅके स्वतःच हायलँडर होता. आणि उतारावरून त्याच्यावर तुटून पडलेल्या हायलँडरांनी धावण्याआधी प्लेड फेडून टाकलं होतं. अंगावर उरला होता नुसता सदरा.