मामाचा आडसाली ऊस आणि एल निनो

"रोज शिमला ऑफिस चौकातून जातोस ना, मग आत जाऊन विचार की यंदा काय करायचं" हे दौंडचा मामा दर एप्रिलला फोनवर म्हणतो. शिमला ऑफिस म्हणजे पुण्याचं हवामान खातं. मी हसण्यावारी नेतो, पण खरं सांगू का, प्रश्न बरोबर आहे त्याचा.

२०२३ आठवतंय? मे महिन्यात पुण्यात दर गुरुवारी पाणी बंद ठेवायला लागले, कारण एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि आपला पाऊस घटायची भीती असते ते. सोसायटीच्या ग्रुपवर केवढ्या शिव्या पडल्या, त्यात मीपण होतो. एरवी धरणात १५ जुलैपर्यंतचं पिण्याचं पाणी राखतात, तेव्हा ऑगस्टअखेरपर्यंतचा हिशोब लावला होता. मग देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट गेला. खडकवासल्याची चारही धरणं नंतर भरत आली म्हणून लोक लगेच "उगाच पाणी तोडलं". अरे, खालच्या अंगाला उजनी धरण ६० टक्क्यांच्या आसपासच अडकली ना!

शहरानं निदान अंदाज ऐकून काहीतरी केलं. मामाला कोण सांगतं? त्याला मिळतो देशाचा एक आकडा, "सरासरीच्या ९६ टक्के, सर्वसाधारण". त्यात दौंडचं काय कळणार? बरं एल निनो म्हणजे दुष्काळच असंपण नाही, १९९७ ला जबरदस्त एल निनो असून १०२ टक्के पाऊस पडला आणि २००२ ला त्याहून साधा होता तरी ८१ टक्क्यांवर आटपलं, हिंदी महासागराचं तापमान वगैरे बाकी भानगडी असतातच.

त्यात आडसाली ऊस. जुलै-ऑगस्टला लावला की सोळा-अठरा महिने शेतात, म्हणजे दोन पावसाळ्यांचा जुगार, आणि पुढच्या वर्षीचा एल निनो लागणीच्या वेळी कोणीच ठामपणे सांगू शकत नाही, मार्च-एप्रिलच्या आधीचे अंदाज फार डळमळीत असतात. मामानं २०२२ ला लावला तेव्हा सलग तिसरं ला निनाचं (एल निनोच्या उलट) वर्ष, पाणीच पाणी. पुढच्या ऑगस्टला तोच ऊस आवर्तनाची, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळीची, वाट बघत उभा.

माझं म्हणणं एवढंच की एप्रिलचा अंदाज आला की कालव्याचं उन्हाळी आवर्तन ठरवतानाच पाटबंधारेवाल्यांनी स्पष्ट सांगावं, एल निनो आला तर ऑगस्टला कालव्याला एवढंच पाणी, नाही आला तर एवढं. दोन्ही आकडे, गावात, फळ्यावर. मग नवीन लागण किती करायची ते मामा बघेल, तो काय खुळा नाही.

मागे हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "दोन आकडे? इथं एक आवर्तन तारखेला सुटंना."